हळदीचा घाईतला निकाल

संध्याकाळी मेंढरं रानातून परत आली की आमच्या दारात एकच गलका उडायचा. दिवसभर बांबूच्या डालग्याखाली कोंडलेली कोकरं मोकळी सुटायची आणि आयांना शोधत कळपात घुसायची. एखादं गोंधळून भलत्याच मेंढीखाली शिरलं की ती त्याला ढुशी देऊन हाकलायची. तेव्हा माझी काकी पुढे व्हायची. कोकराची मानगूट धरून त्याला उचलायची, एकदा तोंडाकडे बघायची आणि बरोबर त्याच्या आईपाशी नेऊन सोडायची. साठ-सत्तर मेंढरं होती आमची, पण काकीची कधी चूक झालेली मी बघितली नव्हती.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. तिला मूल नव्हतं. आई शेतात आणि काकी मेंढरांपाशी अशी घरातली वाटणी होती, त्यामुळे मी लहानपणापासून काकीच्याच मागे. आमचं गाव कुरुंद्याच्या अलीकडे. मेंढरं आणि थोडी हळद एवढ्यावर घर चालायचं. मी शाळेला कुरुंद्याला गेले, कॉलेजला एस.टी.नं वसमतला. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. तो हिंगोली झाला त्या सुमारास मी एम.एस्सी.साठी नांदेडला राहत होते.

तिथून दिवाळीच्या सुट्टीला घरी आले असताना मी पहिल्यांदा काकीला चुकताना पाहिलं. तिनं एक कोकरू उचललं, बघितलं आणि एका मेंढीपाशी सोडलं. मेंढीनं त्याला ढुशी देऊन उडवलं. काकीनं ते पुन्हा उचललं, पुन्हा त्याच मेंढीपाशी नेलं. ते पुन्हा उडालं. तिसऱ्या वेळी काकांनी कोकरू तिच्या हातातून घेतलं. काकी तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आज मेंढ्याच बिथरल्यात गं माय."

तेव्हा ती पन्नाशीच्या थोडी पुढे होती. पुढच्या वर्षभरात ती चुलीवर दूध ठेवून विसरू लागली, आमच्या आईला दुसऱ्याच नावानं हाक मारू लागली. काकांनी देवाधर्माचं, झाडपाल्याचं सगळं केलं. शेवटी मीच दोघांना नांदेडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तिला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. काकीनं आयुष्यात कधी पेन्सिल धरली नव्हती. तिनं डॉक्टरांकडे आणि मग काकांकडे असं बघितलं, की मला त्या खोलीतून निघून जावंसं वाटलं. डॉक्टर समंजस होते. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि तिला मेंढरांबद्दल विचारायला लागले. अर्ध्या तासानंतर म्हणाले, "विसरण्याचा आजार आहे. अल्झायमर असावा. नक्की कुणालाच सांगता येत नाही." गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की काकीला मळमळायचं.

लोकांना वाटतं, मी काकीसाठी संशोधनाला हा विषय घेतला. सांगायला ते बरं वाटतं, पण खरं तसं नाही. हैदराबादला एका प्रयोगशाळेत पीएच.डी.ची एक जागा होती, मुलाखत झाली, मला घेतलं. माझ्या गाईड बाईंचा विषय टाऊ नावाचं प्रथिन हा होता. त्यांनी पहिल्या दिवशी तो समजावून सांगितला आणि शेवटी अल्झायमरचं नाव घेतलं, तेव्हा मी वहीत लिहिता लिहिता थांबले. मी त्यांना काकीबद्दल काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते आजही नीट सांगता येत नाही. जागा जाईल अशी भीती असावी.

पुढच्या सुट्टीत काकांनी विचारलं, "नेमकं काय करून राहिलीस तू तिकडं?"

आम्ही दोघं हळदीच्या वाफ्याच्या बांधावर बसलो होतो. मी म्हणाले, "काका, मांडवाच्या उभ्या मेढीला आडवे वासे बांधतो आपण सुतळीनं. आपल्या मेंदूच्या पेशीत तशाच मेढी असतात. टाऊ म्हणजे ती सुतळी. कधी कधी ही सुतळी सुटते आणि तिची तिच्यातच गुंतून गाठ होते. एकदा गाठ झाली की दुसरी सुतळी त्यात अडकते, मग तिसरी. पेशीत गुठळ्या होतात आणि पेशी मरते."

"मंग ती सुतळी सुटतेच काहून?"

"तेच शोधून राहिलो आमी."

"आन् हे तुमी बघता कुठं? मान्साच्या डोक्यात?"

"नाही. डिशमध्ये पेशी वाढवतो. त्यांच्यात मुद्दाम टाऊच्या गुठळ्या करतो, मग कशानं कमी होतात का ते बघतो."

काकांनी बांधावरचं तण उपटून बाजूला टाकलं. मग म्हणाले, "मुद्दाम आजारी पाडता तर."

त्यांचं म्हणणं खरं होतं. आमच्या पेशी कधीकाळी, कुठल्याशा परदेशात, एका लहान मुलीच्या कर्करोगाच्या गाठीतून घेतलेल्या होत्या आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत होत्या. मला त्यांना दर दोन दिवसांनी नवं द्रव घालावं लागे. मी त्यांच्यात बिघडलेल्या टाऊचं जनुक घालायची, वरून एक रसायन द्यायची आणि चार दिवसांनी त्यांच्या पोटात गुठळ्या तयार व्हायच्या. मग एक रंग घालायचा. हा रंग गुठळीला चिकटला की निळ्या उजेडात हिरवा चमकतो. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके दिसायचे. ठिपके जास्त म्हणजे गुठळ्या जास्त. पहिली दोन वर्षं तर गुठळ्या नीट होत नाहीत म्हणूनच गेली. कधी पेशी मरायच्या, कधी डिशमध्ये बुरशी यायची, कधी सगळं ठीक असून काहीच दिसायचं नाही.

तिसऱ्या वर्षी जमलं. त्या काळात हळदीतल्या पिवळ्या द्रव्याबद्दल, कर्क्युमिनबद्दल, सगळीकडे बोललं जात होतं. मी गाईड बाईंना विचारलं, आपणही करून बघू का. त्या तमिळ होत्या, कमी बोलायच्या. म्हणाल्या, "करून बघ. पण सोपं दिसतं म्हणून सोपं असेल असं नाही."

मी शुद्ध कर्क्युमिन मागवलं आणि गुठळ्या झालेल्या पेशींना दोन दिवस दिलं. तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर हिरवे ठिपके जवळजवळ नाहीसे झाले होते. मी दुसरी डिश पाहिली. तीही तशीच. ज्या डिशमध्ये कर्क्युमिन घातलं नव्हतं ती मात्र ठिपक्यांनी भरलेली. मी प्रयोग पुन्हा केला, पुन्हा तेच आलं.

त्या दुपारी मी रस्त्यापलीकडच्या एस.टी.डी. बूथमध्ये गेले आणि गावातल्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदारानं काकांना बोलावून आणलं. ते धापा टाकत होते. त्यांना वाटलं, काही वाईट घडलं.

"काका, झालं!" मी म्हणाले. "हळदीनं गुठळ्या गेल्या."

"गेल्या?"

"गेल्या. दोन्ही वेळा."

"आपल्या हळदीनं?"

"हळदीतलंच असतं ते."

मग काका दुकानदाराला सांगताना ऐकू आले, "पोरीनं काढलं औषध." मी "पेशीत, काका, नुसत्या पेशीत" असं म्हणाले होते की नाही, हे मी नंतर कितीदा आठवून पाहिलं. म्हणाले असेन. पण इतक्या हळू, की मलाच ऐकू आलं नसावं.

आठवड्याच्या बैठकीत मी चित्रं दाखवली. सगळे खूश झाले. गाईड बाई चित्राकडे बघत म्हणाल्या, "कर्क्युमिनचा रंग कोणता?"

"पिवळा."

"पिवळा पदार्थ निळा उजेड पितो. तू घातलेला रंग निळ्या उजेडात चमकतो. मग गुठळ्या कमी झाल्यात की फक्त चमक झाकली गेली, हे तुला कसं कळलं?"

त्यांनी कागदावर एक साधा प्रयोग लिहून दिला. गुठळ्या भरलेल्या पेशी घ्यायच्या आणि बघण्याच्या फक्त दहा मिनिटं आधी त्यांना कर्क्युमिन द्यायचं. दहा मिनिटांत गुठळी विरघळत नाही. तरीही ठिपके गेले, तर ती नुसती झाकाझाक.

एका दिवसाचं काम होतं. मी ते तीन आठवडे केलं नाही. पेशी कमी आहेत, रंग संपला आहे, सूक्ष्मदर्शकाची पाळी मिळत नाही, अशी काही ना काही कारणं मी बाईंना देत राहिले. ती सगळी थोडी थोडी खरीही होती. पण प्रयोगाचं काय होणार हे मला बहुधा त्या बैठकीतच कळलं होतं, आणि मी गावाकडे आधीच फोन करून बसले होते. मधल्या काळात एकदा काकांचा फोन आला. काकीला ते दिवसातून तीन वेळा दुधात हळद देत होते. "नांदेडच्या गोळ्या बंद केल्या," ते म्हणाले. "त्याच्यानं तिला लई तकलीफ व्हायची. आता चांगली जेवते." गावातली दोन घरं आपल्या म्हाताऱ्या माणसांसाठी विचारून गेली होती. मी "हं, हं" म्हणत ऐकलं आणि फोन ठेवला.

शेवटी एका सोमवारी मी तो प्रयोग केला. दहा मिनिटं मोजली. डोळा लावला. ठिपके गेले होते.

मग गुठळ्यांतलं टाऊ मोजायच्या दुसऱ्या पद्धतीनं बघितलं. त्यात रंगाचा संबंध नसतो. कर्क्युमिन दिलेल्या पेशींत आणि न दिलेल्या पेशींत गुठळ्या तेवढ्याच होत्या. मी निकाल बाईंच्या टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या, "छान केलंस." मला रडू आलं. त्यांना वाटलं, मी कामासाठी रडते आहे. तेव्हा मी त्यांना काकीबद्दल पहिल्यांदा सांगितलं. त्यांनी खिडकी बंद केली, माझ्यासमोर बसल्या आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "घरी जा. फोनवर सांगू नकोस."

मी निघायच्या आदल्याच दिवशी घरून निरोप आला की काकी दुपारपासून सापडत नाही. गाडी पकडून नांदेडला आले, तिथून वसमत, तिथून जीप. घरी पोचले तेव्हा काकी ओट्यावर बसलेली होती. गावावरून दुसऱ्या मेंढपाळांचा एक कळप कळमनुरीच्या दिशेनं चालला होता, त्याच्या मागोमाग ती निघून गेली होती. दोन-तीन कोस चालली असेल. त्या लोकांनी तिला ओळखलं नाही, पण बाई मेंढरांतली आहे हे त्यांना कळलं. त्यांनी तिला भाकरी दिली, कोकरांपाशी बसवलं आणि गावोगाव निरोप धाडला. काका तिला घ्यायला गेले तेव्हा ती मांडीत एक कोकरू घेऊन बसली होती आणि उठायला तयार नव्हती.

हळद शिजवायचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काका कढईपाशी एकटे होते, तेव्हा मी त्यांच्याजवळ गेले आणि सांगितलं. गुठळ्या गेल्या नव्हत्या, नुसत्या दिसेनाशा झाल्या होत्या. हळदीच्या पिवळेपणानं मला फसवलं होतं. आणि हे तपासायच्या आधीच मी फोन केला होता.

काका हातातलं फावडं टेकवून उभे राहिले.

"कधी कळलं तुला?"

"मागच्या आठवड्यात. पण शंका त्याआधीच होती. तीन आठवडे."

"तीन आठवडे," ते म्हणाले. "आन् मी फोन केला तवा?"

"तेव्हाही होती."

ते फावडं खाली टाकून निघून गेले. कढईखालचा जाळ मी आणि वडिलांनी सांभाळला. त्या दिवशी काका माझ्याशी बोलले नाहीत. जेवायलाही माझ्या पंगतीला बसले नाहीत. मला आयुष्यात ते कधी रागावले नव्हते. आईनं विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. आई म्हणाली, "रागवू दे त्यांना. त्यांचा हक्क हाय."

दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन आले. "एक सांग. गोळ्या बंद केल्या त्याच्यानं वाढलं का तिचं? त्याच्यानंच गेली का ती त्या कळपामागं?"

"मला माहीत नाही, काका."

"शिकून राहिलीस अन् म्हाईत न्हाई?"

"खरंच माहीत नाही. डॉक्टरांकडे जाऊन विचारू."

आम्ही तिघं नांदेडला गेलो. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की या गोळ्यांनी काहींना थोडा काळ थोडा फरक पडतो, काहींना काहीच पडत नाही. काकीच्या बाबतीत बंद केल्यानं काय झालं किंवा काय झालं नाही, ते कुणी सांगू शकणार नाही. मळमळ होत असेल तर नका देऊ. काकांनी दोनदा विचारलं, डॉक्टरांनी दोनदा तेच उत्तर दिलं.

परतीच्या बसमध्ये काकी खिडकीशी झोपली होती. काका पुढे बघत म्हणाले, "तू फोनवर 'झालं' म्हनलीस. 'करून राहिलो' असं म्हनाया पायजे व्हतं."

"हो."

"तेवढा फरक तुला कळाया पायजे व्हता. आमाला कसा कळंल?"

मी पुन्हा "हो" म्हणाले. वसमतच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांनी तिघांसाठी चहा सांगितला आणि माझ्या बशीत आपल्या हातानं चहा ओतला, तेव्हा त्यांचा राग ओसरल्याचं मला कळलं.

गावात पोचल्यावर ते म्हणाले, "चल, त्या दोन घरी. तू सांग." पहिल्या घरी एक सून होती, तिच्या सासऱ्यांना विसर पडत होता. मी तिला सगळं नीट सांगितलं. ती म्हणाली, "हळदीनं नुकसान तर न्हाई ना? मंग चालू ऱ्हाऊ दे." मी म्हणाले, "चालू ठेवा, पण दवाखाना बंद करू नका." दुसऱ्या घरचा म्हातारा स्वतःच अंगणात बसला होता. तो सगळं ऐकून हसला आणि म्हणाला, "हळद खाऊन डोस्कं सुधारलं असतं तर आपल्या गावात सगळेच शहाने असते." काकाही हसले. त्या आठवड्यात ते पहिल्यांदाच हसले.

काकी त्यानंतर तीन वर्षं होती. हळूहळू ती बोलायची थांबली, मग चालायची. काका तिला रोज सकाळी उन्हात बसवायचे आणि एखादं कोकरू तिच्या मांडीवर ठेवायचे. ती त्याच्या कानामागं बोट फिरवत राहायची. ते तिला शेवटपर्यंत येत होतं. एका पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

माझा प्रबंध पुढच्या वर्षी पूर्ण झाला. हळदीच्या त्या सगळ्या कामाचा त्यात एकच परिच्छेद आहे. स्वतंत्र निबंध म्हणून ते कुठे छापून आलं नाही. जे घडलं नाही त्यात कुणाला फारसा रस नसतो. बाईंनी मात्र तो परिच्छेद माझ्याकडून चार वेळा लिहून घेतला. "तुझ्यानंतर येणारी मुलगी याच खड्ड्यात पडू नये," त्या म्हणाल्या.

तोंडी परीक्षेला काका हैदराबादला आले. वडिलांना प्रवास झेपत नव्हता. काका धुवट धोतर नेसून मागच्या बाकावर दोन तास बसले, त्यांना एक शब्दही कळत नव्हता. परीक्षा संपल्यावर बाईंनी त्यांना नमस्कार केला आणि हिंदीत म्हणाल्या, "बहुत ईमानदार लड़की है." काका नुसते मान हलवत राहिले. मग मला हळूच म्हणाले, "हळदीचं लिवलंस त्यात? वाच बरं." मी कॉरिडॉरमध्ये उभ्यानं तो परिच्छेद मराठीत सांगितला. काय वाटलं होतं, कशानं फसलो, मग काय दिसलं. ते म्हणाले, "बराबर लिवलंस."

मग त्यांना मी सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत नेलं. गुठळ्यांच्या पेशी लावल्या. डोळा कसा लावायचा हे जमायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते एकदम स्थिर झाले.

"हे हिरवं?"

"तेच."

"एवढंसंच?"

"एवढंसंच."

"तिच्या डोक्यात हेच व्हतं?"

मी म्हणाले, "असंच काहीतरी असावं. पण ह्या तिच्या पेशी नाहीत, काका. ह्या डिशमध्ये वाढलेल्या. आम्ही त्यांना मुद्दाम असं केलंय. तिच्या डोक्यात नेमकं काय होतं ते कुणी बघितलं नाही."

"म्हंजे तुमालाबी म्हाईत न्हाई."

"नाही."

त्यांनी डोळा हलवला नाही. तसेच वाकून म्हणाले, "चांगल्या दाव. आजारी न्हाईत त्या."

मी डिश बदलली, साधा उजेड लावला. पेशी एकमेकींकडे बारीक हात पसरून बसल्या होत्या. काका त्या कितीतरी वेळ बघत राहिले. त्या काय खातात, किती दिवस जगतात, थंडी सोसते का, सगळं विचारलं. द्रव दर दोन दिवसांनी बदलावं लागतं, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली.

"शेवटचं कधी बदललंस?"

मी आठवून पाहिलं. परीक्षेच्या गडबडीत आजचं राहून गेलं होतं. "परवा. आज बदलायचंय."

"मंग मला काय दावत बसलीस?" ते खुर्चीवरून उठले आणि डोक्यावरचा पटका नीट करत म्हणाले, "मी बसतो भाईर. तू त्यांचं खानं-पिनं बघ आधी."